एका इलेक्ट्रॉनची वाट आणि सहा हजार कोटींचा हिशेब

पंचवटी (नाशिक), प्रतिनिधी

राष्ट्रीय क्वांटम मोहिमेची चर्चा आपल्याकडे संगणकाच्या ‘क्युबिट’संख्येभोवती फिरते. त्या संगणकाचा पाया मात्र अतिशीत तापमानाला एकेका इलेक्ट्रॉनची ये-जा मोजण्याच्या चिकाटीच्या कामात आहे. या कामाचे काही महत्त्वाचे धागे मुंबई-पुण्यात आहेत. ते नाशिकपर्यंत पोहोचणार का, याचा हा वेध.

सीतागुंफेच्या दारात सुटीच्या दिवशी उभे राहिले की गर्दीचे एक साधे शास्त्र दिसते. आतली वाट इतकी अरुंद, की माणसाला वाकून, अंग चोरूनच पुढे सरकावे लागते. आत जागा नसेल तर बाहेरच्याने थांबायचे. आतला एक बाहेर पडला की दुसऱ्याने शिरायचे. रामकुंडाच्या मोकळ्या पटांगणात हजारो माणसे एकदम लोटू शकतात, येथे तसे होत नाही. सिंहस्थाच्या गर्दीचे नियोजन ज्या शहराच्या अंगवळणी पडले आहे, त्या शहरातील वाचकाला ‘क्वांटम डॉट’ समजावून सांगताना याहून जवळचा दाखला सुचत नाही.

विजेच्या तारेतून वाहणारा प्रवाह हा रामकुंडावरील गर्दीसारखा असतो. एक अँपिअर प्रवाह म्हणजे दर सेकंदाला सुमारे ६२४ कोटी गुणिले १०० कोटी इतके इलेक्ट्रॉन. त्यात एकट्या इलेक्ट्रॉनला काही ओळख नसते. परंतु सिलिकॉन, जर्मेनियम किंवा गॅलियम आर्सेनाइडसारख्या अर्धसंवाहकात काही दशांश नॅनोमीटर नव्हे, तर काही दशक नॅनोमीटर रुंदीची एक लहानशी कोठडी तयार केली, तिच्या दोन्ही बाजूंना पातळ अडथळ्यांची दारे ठेवली आणि त्यांपलीकडे तारा जोडल्या, तर इलेक्ट्रॉनांना एकामागून एक जावे लागते. या कोठडीला क्वांटम डॉट किंवा मराठीत पुंजबिंदू म्हणतात. कोठडीत एक इलेक्ट्रॉन आधीच असला, तर त्याच्या ऋण विद्युतभारामुळे दुसरा दूर लोटला जातो. दुसऱ्याला आत यायचे तर ठराविक ऊर्जेची किंमत मोजावी लागते. ती किंमत देण्याची ऐपत नसेल तर प्रवाह थांबतो. यालाच कुलॉम्ब अटकाव म्हणतात. जवळच्या एका धातूच्या पट्टीवरील विद्युतदाब किंचित बदलला, की दार उघडते आणि नेमका एक इलेक्ट्रॉन आत येतो. दाब आणखी वाढविला की पुन्हा अटकाव, पुन्हा एक इलेक्ट्रॉन. आलेखावर पाहिले तर सपाट जमिनीवर समान अंतराने उभ्या केलेल्या खांबांसारखी शिखरे दिसतात.

या परिणामाचे सिद्धांत रशियातील दिमित्री अॅव्हेरिन आणि कॉन्स्टन्टिन लिखारेव्ह यांनी १९८०च्या दशकाच्या मध्यास मांडले आणि १९८७ मध्ये अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत फुल्टन व डोलन यांनी तो प्रत्यक्ष दाखविला. त्यांच्या प्रयोगात अर्धसंवाहक नव्हता, अॅल्युमिनियम होते. तत्त्व मात्र तेच.

थंडी कशासाठी?

आता प्रश्न असा, की हे सारे आपल्या खोलीत का दिसत नाही? उत्तर उष्णतेत आहे. खोलीच्या तापमानाला प्रत्येक इलेक्ट्रॉनच्या वाट्याला येणारी उष्णतेची ऊर्जा साधारण २५ मिलि-इलेक्ट्रॉन-व्होल्ट असते. वर वर्णन केलेल्या कोठडीत शिरण्याची किंमत एक ते काही मिलि-इलेक्ट्रॉन-व्होल्ट, म्हणजे कितीतरी कमी. खिशात एवढी रोकड खुळखुळत असताना कोणता इलेक्ट्रॉन दाराशी थांबेल? तो सरळ धक्का मारून आत जातो आणि शिस्तीचा मागमूसही राहत नाही. द्रवरूप हेलियमच्या उत्कलनबिंदूपाशी, म्हणजे ४.२ केल्व्हिनला ही ऊर्जा ०.३६ मिलि-इलेक्ट्रॉन-व्होल्टवर येते आणि अटकाव स्पष्ट होऊ लागतो. एक दशांश केल्व्हिनला ती ०.००९ इतकी खाली जाते. तेव्हा कोठडीतील इलेक्ट्रॉनांचे ऊर्जास्तर अणूतील कक्षांप्रमाणे सुटेसुटे दिसू लागतात. म्हणूनच पुंजबिंदूला ‘कृत्रिम अणू’ असेही म्हटले गेले.

याच तापमानाला एक विलक्षण गोष्ट घडते. कोठडीत इलेक्ट्रॉनांची संख्या विषम असेल, तर शेवटच्या जोडीविना राहिलेल्या इलेक्ट्रॉनचा फिरकीगुण, म्हणजे स्पिन, बाहेरच्या तारांतील असंख्य इलेक्ट्रॉनांशी संधान बांधतो. अशा वेळी तापमान खाली नेले की अटकाव घट्ट होण्याऐवजी सैल पडतो आणि प्रवाह वाढतो. जपानचे जुन कोन्डो यांनी १९६४ मध्ये अशुद्ध धातूंच्या विद्युतरोधाबाबत मांडलेले गणित १९९८ मध्ये एकाच पुंजबिंदूत पडताळून पाहिले गेले. धातूच्या तुकड्यात जे कोट्यवधी अशुद्ध अणूंच्या सरासरीतून कळत होते, ते एका कोठडीत, बाहेरून कळ फिरवून, पाहता आले. या क्षेत्रातील अभ्यासकांना त्या प्रयोगाचे इतके अप्रूप का, हे यावरून लक्षात यावे.

आणखी एक बाब, जी बातम्यांत कधीच येत नाही. शीतयंत्राच्या तापमापीवर १० मिलिकेल्व्हिनचा आकडा दिसला, म्हणजे कोठडीतील इलेक्ट्रॉनही तेवढेच थंड झाले असे नव्हे. प्रयोगशाळेतील उबदार उपकरणांपासून त्या चिमुकल्या कोठडीपर्यंत तारा गेलेल्या असतात. मोबाइलचे मनोरे, दिवे, पंप यांचा विद्युतगोंगाट आणि वरच्या भागातील उष्णता त्याच तारांतून खाली झिरपते. परिणामी धातूचा ठोकळा १० मिलिकेल्व्हिनला आणि इलेक्ट्रॉन मात्र ५० किंवा १०० मिलिकेल्व्हिनला, असा दुजाभाव सर्रास आढळतो. तो कमी करण्यासाठी तांब्याच्या भुकटीत गुंडाळलेली गाळणी, खास मिश्रधातूंच्या तारा, टप्प्याटप्प्याने केलेले शीतन असे उपाय योजावे लागतात. हे काम शिकवून येत नाही. हात काळे करूनच येते. क्वांटम तंत्रज्ञानात कोणता देश पुढे आणि कोणता मागे, हे बऱ्याच अंशी या हस्तकौशल्यावर ठरते, असे प्रस्तुत प्रतिनिधीचे मत आहे.

मुंबईतील कुलाबा आणि पवई

महाराष्ट्राला या विषयाची ओळख नवी नाही. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत अतिशीत तापमानाच्या संशोधनाची दीर्घ परंपरा आहे. तेथील एस. रामकृष्णन यांच्या गटाने बिस्मथच्या शुद्ध स्फटिकात ०.५३ मिलिकेल्व्हिनला, म्हणजे निरपेक्ष शून्याच्या वर अवघ्या एक सहस्रांश अंशाच्या निम्म्या अंतरावर, अतिसंवाहकता असल्याचे दाखविले. ‘सायन्स’ या नियतकालिकाच्या जानेवारी २०१७च्या अंकात ते प्रसिद्ध झाले. याच संस्थेत नॅनोइलेक्ट्रॉनिक्सचा गट चालविणारे मंदार देशमुख यांचे पीएच.डी.चे काम तर थेट आपल्या विषयातले. अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात डॅन राल्फ यांच्यासमवेत त्यांनी काही नॅनोमीटर आकाराच्या धातुकणांतून, कोबाल्टच्या कणांतूनही, एकेका ऊर्जास्तरावरून जाणारे इलेक्ट्रॉन मोजले. त्यांना २०१५ मध्ये शांतिस्वरूप भटनागर पुरस्कार मिळाला.

पवईच्या आयआयटीत दोन्ही अंगांनी काम चालते. भास्करन मुरलीधरन यांचा गट अशा सूक्ष्म रचनांतून होणाऱ्या वहनाचे गणित मांडतो, तर सुद्धसत्त्व महापात्र हे सिलिकॉन-जर्मेनियममधील पुंजबिंदूंच्या निर्मितीकडे वळलेले आहेत. पुण्यात, विद्यापीठाच्या भौतिकशास्त्र विभागात सुलभा कुलकर्णी यांनी ‘नॅनो’ हा शब्द सर्वतोमुखी होण्याच्या कितीतरी आधी रासायनिक पद्धतीने अर्धसंवाहक पुंजबिंदू बनविण्याचे काम सुरू केले. हे बिंदू प्रकाशासाठी. तारा जोडून प्रवाह मोजण्याचे बिंदू वेगळे. रसायनशास्त्राचे २०२३चे नोबेल बावेन्डी, ब्रूस आणि एकिमोव्ह यांना मिळाले ते पहिल्या प्रकारासाठी. दोन्हींचे नाव एकच असल्यामुळे वृत्तपत्रांतून (आमच्याही) गोंधळ होतो, हे कबूल केले पाहिजे.

मोहिमेचे गणित

केंद्रीय मंत्रिमंडळाने १९ एप्रिल २०२३ रोजी राष्ट्रीय क्वांटम मोहिमेला मंजुरी दिली. २०२३-२४ ते २०३०-३१ या आठ वर्षांसाठी तरतूद ६ हजार ३ कोटी ६५ लाख रुपयांची. उद्दिष्ट असे, की तीन वर्षांत २० ते ५०, पाच वर्षांत ५० ते १०० आणि आठ वर्षांत ५० ते १ हजार क्युबिटचे संगणक उभे करायचे. त्यासाठी २०२४ मध्ये चार केंद्रे ठरली : संगणनासाठी बंगळुरूची भारतीय विज्ञान संस्था, संदेशवहनासाठी आयआयटी मद्रास, संवेदन व मापनशास्त्रासाठी आयआयटी मुंबई आणि साहित्य व उपकरणांसाठी आयआयटी दिल्ली.

क्युबिटच्या आकड्यांची शर्यत मात्र अतिसंवाहक मंडलांच्या मार्गाने चालली आहे. टाटा संस्था, पुण्यातील ‘डीआरडीओ’ची तरुण शास्त्रज्ञ प्रयोगशाळा आणि टीसीएस यांनी मिळून सहा क्युबिटच्या प्रक्रियकाची चाचणी पूर्ण केल्याचे ऑगस्ट २०२४ मध्ये जाहीर झाले. एप्रिल २०२५ मध्ये बंगळुरूच्या ‘क्यूपीआयएआय’ या कंपनीने २५ क्युबिटचा संगणक जाहीर केला. भौतिकशास्त्राचे २०२५चे नोबेल क्लार्क, डेव्होरे आणि मार्टिनिस यांना अशाच अतिसंवाहक मंडलांवरील १९८४-८५च्या प्रयोगांबद्दल मिळाल्याने या मार्गाला आणखी तेज चढले.

पुंजबिंदूंचा मार्ग तुलनेने उपेक्षित राहिला. डॅनियल लॉस आणि डेव्हिड डिव्हिन्सेन्झो यांनी १९९८ मध्येच सुचविले होते, की पुंजबिंदूत कोंडलेल्या एका इलेक्ट्रॉनचा स्पिन हा क्युबिट म्हणून वापरता येईल. या मार्गाचे बलस्थान आकारात आहे. अतिसंवाहक क्युबिट मिलिमीटरच्या काही अंशाएवढा. पुंजबिंदू त्याच्या हजारपट लहान आणि आजच्या चिपकारखान्यांतील यंत्रांनीच घडविता येण्याजोगा. इंटेलने जून २०२३ मध्ये ‘टनेल फॉल्स’ ही १२ क्युबिटची सिलिकॉन चिप नेहमीच्या ३०० मिलिमीटरच्या चकत्यांवर बनवून विद्यापीठांना अभ्यासासाठी देऊ केली. त्याआधी २०२० मध्ये ऑस्ट्रेलियातील आणि नेदरलँडमधील दोन गटांनी अशा क्युबिटना एक केल्व्हिनच्या वर चालवून दाखविले. ०.०१ आणि एक केल्व्हिन यांतील फरक सामान्य माणसाला नगण्य वाटेल. पण शीतयंत्राची उष्णता उपसण्याची क्षमता या दोन तापमानांत काही हजारपटींनी बदलते. नियंत्रणाचे इलेक्ट्रॉनिक्स क्युबिटच्या शेजारीच बसविण्याची शक्यता त्यातून निर्माण होते.

भारत आपले अर्धसंवाहक कारखाने उभारण्यासाठी हजारो कोटींचे अनुदान देत असताना, त्याच धातुशास्त्रातून आणि त्याच यंत्रांतून जाणारा हा मार्ग मोहिमेत दुय्यम राहावा, हे कोडे आहे. आकडा लवकर दाखविता येतो तेथे पैसा लवकर जातो, असा त्याचा एक अर्थ. दुसरा अर्थ अधिक सहानुभूतीचा : एकेका अणूचा दोष खपवून न घेणारे शुद्ध सिलिकॉन, त्यावर नॅनोमीटरच्या अचूकतेने रेखाटन आणि महिनोन्महिने शीतयंत्रात मोजमाप, या तिन्ही गोष्टी एका छताखाली असणाऱ्या प्रयोगशाळा देशात हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या आहेत. नोव्हेंबर २०२५ मध्ये पवई, बंगळुरू, कानपूर आणि दिल्ली येथील क्वांटम निर्मिती सुविधांसाठी ७२० कोटी रुपये जाहीर झाले, ते या उणिवेवर बोट ठेवूनच.

हेलियमची उधारी

खरी मेख शीतयंत्रात आहे. या क्षेत्रात वापरले जाणारे ‘डायल्यूशन’ शीतयंत्र हेलियमच्या दोन समस्थानिकांच्या मिश्रणावर चालते. ०.८७ केल्व्हिनच्या खाली हेलियम-३ आणि हेलियम-४ तेल-पाण्यासारखे वेगळे होतात. तरीही हेलियम-४च्या थरात सुमारे साडेसहा टक्के हेलियम-३ विरघळून राहतेच, अगदी निरपेक्ष शून्यापर्यंत. वरच्या थरातून खालच्या थरात हेलियम-३ ओढत राहिले, की बाष्पीभवनाप्रमाणे उष्णता शोषली जाते. हाइन्झ लंडन यांची ही कल्पना, पहिले यंत्र १९६०च्या दशकात नेदरलँडमधील लायडेनमध्ये चालले. ही यंत्रे आज प्रामुख्याने फिनलँड, ब्रिटन अशा मोजक्या देशांतील कंपन्या बनवितात.

भारत आपल्या गरजेचे हेलियम जवळपास पूर्णतः आयात करतो. रुग्णालयांतील एमआरआय यंत्रांनाही तेच लागते. हेलियम-३ची गोष्ट आणखी बिकट. ते निसर्गात जवळजवळ मिळतच नाही. ट्रिटियम या किरणोत्सारी हायड्रोजनच्या ऱ्हासातून जमा करावे लागते, ट्रिटियमचा अर्धायुष्यकाल १२.३ वर्षे. त्याचे मोठे साठे अण्वस्त्रांच्या कार्यक्रमांशी निगडित असल्याने पुरवठा राजकारणाच्या मर्जीवर आणि एका लिटर वायूची किंमत हजारो डॉलरच्या घरात. कॅनडात जड पाण्याच्या अणुभट्ट्यांतून ट्रिटियम वेगळे काढले जाते. आपल्या तारापूरच्या तीन आणि चार क्रमांकाच्या भट्ट्याही जड पाण्यावरच चालतात. त्यातील ट्रिटियमचा या दृष्टीने विचार होणे, हा मोहिमेच्या कागदपत्रांत ठळकपणे यावा असा विषय आहे. सहा हजार कोटी खर्चून उभारलेल्या प्रयोगशाळा एका वायूच्या टाकीअभावी उबदार राहिल्या, तर तो केवळ विनोद ठरणार नाही.

विषय निघालाच आहे म्हणून : विजयदुर्गावर ‘साहेबाचे ओटे’ दाखवून हेलियमचा शोध १८६८ मध्ये तेथे लॉकियरने लावला, असे सांगण्याची आपल्याकडे प्रथा आहे. १८ ऑगस्ट १८६८चे खग्रास ग्रहण भारतातून दिसले आणि जान्सेन यांनी ते गुंटूरहून पाहिले, हे खरे. नॉर्मन लॉकियर मात्र त्या वर्षी इंग्लंडमध्येच होते आणि ग्रहणाविनाच त्यांनी ऑक्टोबरमध्ये सूर्यप्रकाशातील ती पिवळी रेषा नोंदविली. विजयदुर्गावर ते आले २२ जानेवारी १८९८च्या ग्रहणासाठी. ओटे खरे, साहेब खरा, सालाची मात्र अदलाबदल झालेली दिसते.

आशेची एक-दोन चिन्हे आहेत. आयआयटी मुंबईत द्रवरूप हेलियमची सुविधा २०२५ मध्ये सुरू झाली. मोहिमेने नोव्हेंबर २०२४ मध्ये निवडलेल्या आठ नवउद्योगांत आयआयटी मुंबईत वाढलेला ‘डिमिरा टेक्नॉलॉजीज’ आहे, तो नेमक्या अतिशीत तारा बनवितो. वर ज्या तारांतून उष्णता झिरपते असे म्हटले, त्याच या तारा. पुण्याचा ‘क्यूप्रयोग’ अणुघड्याळांवर काम करतो.

नाशिकचा यात संबंध काय?

एक संबंध मोजमापाचा आहे. २० मे २०१९ पासून अँपिअरची व्याख्या बदलली; इलेक्ट्रॉनचा विद्युतभार १.६०२१७६६३४ गुणिले दहाचा उणे एकोणिसावा घात कूलॉम इतका कायमचा निश्चित करून अँपिअर त्यावरून ठरविला जातो. म्हणजे प्रवाह मोजणे याचा अर्थ तत्त्वतः इलेक्ट्रॉन मोजणे. पुंजबिंदूच्या दोन दारांची आळीपाळीने उघडझाप करून दर सेकंदाला १०० कोटी वेळा एकेक इलेक्ट्रॉन पलीकडे ढकलला, तर सुमारे १६० पिकोअँपिअर प्रवाह मिळतो. जर्मनी आणि ब्रिटनच्या मापनसंस्थांनी अशा ‘इलेक्ट्रॉन पंपां’तील चूक दहा लाखांत एका भागाच्या खाली आणली आहे. सातपूर-अंबडमधील कारखान्यांत तयार होणाऱ्या विद्युतउपकरणांच्या चाचणीची साखळी अखेर दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेच्या प्रमाणांना जाऊन मिळते. मापनशास्त्राचे राष्ट्रीय केंद्र पवईत आल्याने, हे काम महाराष्ट्रात होण्याची संधी आहे.

दुसरा संबंध विद्यार्थ्यांचा. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने डिसेंबर २०२४ मध्ये क्वांटम तंत्रज्ञानाच्या पूरक पदवीसाठी नमुना अभ्यासक्रम जाहीर केला. पंचवटीतच अमृतधामला क. का. वाघ अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, हिरे महाविद्यालयात विज्ञान शाखा आहे. अभ्यासक्रम कागदावर आणणे सोपे. प्रयोग कोठे करायचे? बी.एस्सी.च्या प्रयोगशाळेत जर्मेनियमच्या पट्टीवर चार टोके टेकवून, छोटी भट्टी तापवून, रोध आणि तापमानाचा आलेख काढण्याचा प्रयोग पिढ्यान् पिढ्या चालत आला आहे. त्यात तापमान वर जाते, खाली कधीच नाही. एक डायल्यूशन शीतयंत्र कोट्यवधी रुपयांचे, त्याला अखंड वीज आणि थंड पाण्याचा पुरवठा हवा, थंड व्हायला एक-दोन दिवस. तासाभराच्या भारनियमनाने आठवड्याचे काम वाया जाऊ शकते. असे यंत्र प्रत्येक महाविद्यालयाला द्या, अशी मागणी करणे वेडेपणाचे ठरेल.

परंतु त्याच जर्मेनियमच्या पट्टीला भट्टीऐवजी ७७ केल्व्हिनच्या द्रव नायट्रोजनात बुडविणे आवाक्याबाहेरचे नाही. द्रव नायट्रोजन पशुसंवर्धन खात्याच्या कृत्रिम रेतनासाठी जिल्ह्यात खेडोपाडी फिरत असते; रेतमात्रांच्या त्या टाक्या शेतकऱ्याने पाहिल्या आहेत, भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्याने क्वचित. तारांतून येणारा गोंगाट कसा ओळखावा, थंड टोकाला जोड कसा द्यावा, मायक्रोव्होल्ट कसे मोजावेत, हे धडे तेथेच सुरू होतात. पुढचा टप्पा पवईचा. तेथील नॅनोनिर्मिती केंद्र ‘भारतीय नॅनोइलेक्ट्रॉनिक्स वापरकर्ता कार्यक्रमा’खाली बाहेरच्या महाविद्यालयांतील शिक्षक-विद्यार्थ्यांना प्रशिक्षण आणि यंत्रे वापरण्याची मुभा देत आले आहे. त्यासाठी लागतो तो शिक्षकाने लिहिलेला एक नेमका प्रस्ताव, आणि पंचवटी एक्स्प्रेसने मुंबईला ये-जा करण्याची रजा महाविद्यालयाने मंजूर करणे.